कोपरापर्यंत हात

यवतमाळ, मंगळवार, १९ जानेवारी १९६५. संध्याकाळ.

माझा हात निघाल्यावर शेठनं आज त्याच कापसाच्या गाडीत आपला हात घातला. भर बाजारात. वीस वर्षांत पहिल्यांदा. गाडीत कोपरापर्यंत हात घालून माल कसा ते मी सांगतो, अन् मी सांगितलं की झालं. आजपर्यंत तरी.

हे सारं त्या काश्मीरच्या बर्फानं केलं. ऐन हंगामात शेठ पोराले बर्फावर घसरायचा खेळ खेळायले घेऊन गेलते, अन् सामान सांभाळायले मले. "तू पारखी माणूस, आधी गुलमर्गले जाऊन बर्फ पाहून ये," म्हणे. गेलो. तिथंही कोपरापर्यंत हातच घातला, दुसरं काय येते मले? वरून पिंजलेल्या कापसावानी मऊ, खाली दगडावानी टणक. आमच्या इथं अशी गाडी म्हणजे सरळ फसवणूक. श्रीनगरले परत येऊन सांगितलं, "वरून चांगला, आतून खराब. जाऊ नका." नाही गेले.

निघायच्या दिवशी हॉटेलवाला म्हणे, घसरायले असाच बर्फ लागते. पोरगा नागपूरपर्यंत हसत राह्यला. हसो बापडा. पण मी चुकलो बर्फात, मग कापसात काहून तपासता मले?

आज गाडीतून हात काढून शेठ म्हणाले, "ठीक आहे." मी तरी दुसरं काय म्हटलं होतं?

पुढच्या गाडीत मी मुद्दाम पार कोपरापर्यंत हात घातला, माल चांगला म्हणून सांगितलं. गाडीवानानं माझ्याकडं पाहिलंही नाही. शेठकडं वळून म्हणे, "शेठजी, पास ना?"