केमिस्टची खुर्ची

आबा,

झालं ते आधी क्रमाने सांगते.

१. धाकटी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, पास झाली. गणितात आणि शास्त्रात मार्क चांगले आहेत.

२. तिला माझ्यासारखी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करायची आहे.

३. नानाकाका म्हणतात, डी.एड. करू द्या, दोन वर्षांत मास्तरीण होईल.

४. आईने निर्णय माझ्यावर टाकला आहे. शनिवारी धुळ्याला येऊन मला तो सांगायचा आहे.

माझ्या वेळी तुम्ही हा निर्णय एका खुर्चीवरून घेतला होतात. तेलाच्या गिरणीत तुम्ही बॉयलरवर होतात आणि मी दुपारचा डबा घेऊन यायची. तुमचा सदरा पाठीला चिकटलेला असे. त्या दिवशी भाकरी मोडता मोडता तुम्ही फाटकाकडे बोट केलंत. तिथे कडुनिंबाच्या सावलीत, लोखंडी खुर्चीत, पांढऱ्या शर्टातला एक माणूस बसला होता. "देख, मालक सोडीसन बठेल मानूस तो एकच शे. केमिस्ट." गिरणीत मालकाशिवाय बसलेला तोच एक. मग हात धुताना म्हणालात, "तू तेच शिक."

त्याचा खर्च काय झाला, ते तुम्हाला ठाऊक आहे. फी माफ होती, पण फुटलेल्या काचसामानाचे पैसे भरावे लागत, पुस्तकं लागत, आणि ॲसिडने भोकं पडलेल्या साड्या आई रफू करून थकली. तुम्ही जादा पाळी घ्यायला लागलात. मी शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, छातीचं दुखणं जुनं होतं. ती जादा पाळी या खर्चात धरायची की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला पाहायला आलेल्या साक्रीच्या पाहुण्यांचंही त्यातच येतं. आदल्या दिवशी प्रॅक्टिकलला नायट्रिक ॲसिड माझ्या बोटांवर सांडून ती पिवळी पडली होती. मी पोह्यांची बशी पुढे करते आहे आणि मुलाची आत्या माझा हात धरून सगळ्यांना दाखवते आहे, "काय वं माय, पोरले हयद आधीच लागनी का?" बायका हसतात. तुम्ही ओट्यावरून, मान न वळवता, म्हणता, "कालेजनी हयद शे ती. लवकर उतरत नही." पाहुण्यांचा निरोप आला की मुलगा मॅट्रिक आहे, मुलगी जास्त शिकलेली, जमणार नाही. त्यानंतर आलेले निरोपही साधारण असेच होते.

आता मिळकत. मी जळगावच्या तेलगिरणीत केमिस्ट आहे. माझ्या प्रयोगशाळेत खुर्ची नाही. ब्युरेट, म्हणजे मोजायची काचनळी, वाचताना डोळा काचेवरच्या खुणेसमोर ठेवावा लागतो, आणि टेबलं उभ्याने काम करायच्या उंचीची असतात. पाळी संपली की पोटऱ्या भरून येतात. धुळ्याचा तो माणूस खुर्चीत का होता, ते इथे आल्यावर कळलं. डब्याच्या सुट्टीत तोही थोडा वेळ सावलीला टेकायचा. आपण त्याला नेमकं तेवढ्याच वेळी पाहत होतो. बाकीचा दिवस तोही उभाच असणार.

माझ्या वर्गातली एक मुलगी डी.एड. करून शिंदखेड्याला शिक्षिका झाली. तिचा पगार माझ्याआधी सुरू झाला आणि आज माझ्याएवढाच आहे. तिला उन्हाळ्याची सुट्टी असते. लग्नही वेळेवर झालं. नानाकाकांचं म्हणणं मी तपासून पाहिलं, त्यात चूक सापडली नाही.

तरी एक गोष्ट राहते. परवा मुनीमजी प्रयोगशाळेत आले. एका व्यापाऱ्याच्या तेलात आम्ल जास्त निघालं होतं.

"बाई, आकडा जरा कमी लिहा ना. माणूस घरचाच आहे."

मी नवा नमुना घेतला आणि त्यांच्यासमोर थेंब थेंब अल्कली सोडली. आम्ल संपताच तेल गुलाबी झालं, ते पहिल्याच आकड्यावर.

"थोडं आधी नाही का होत गुलाबी?"

"माझ्यासाठीही होत नाही, मुनीमजी."

ते हसले, आकडा होता तसाच घेऊन गेले. घरात माझं बोलणं नानाकाकांच्या एका खाकरण्याने थांबतं, आबा. त्या खोलीत तसं होत नाही. याची किंमत किती धरायची, हे मला कोणी शिकवलं नाही. शिक्षिकेलाही वर्गात असंच काही मिळत असेल. मला माहीत नाही, मी एकच पदवी करून पाहिली आहे.

मागच्या खेपेला घरी गेले तेव्हा धाकटीने विचारलं, "अक्का, तिथे दिवसभर उभंच राहावं लागतं ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग चालेल."

हे पत्र पेटीत पडणार नाही, ते मला कळतं. आणखी एक सांगायचं राहिलं. डी.एड.चा आणि कॉलेजचा, असे दोन्ही अर्ज आणते, असं मी आईला सांगितलं होतं. मी कॉलेजचाच आणला आहे.

तुमची हरकत असेल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा. शनिवारी सकाळच्या एस.टी.ने मी निघते आहे.