भोपळा एकच होता

आये, काल नातीला म्हातारीची गोष्ट वाचून दाखवली. तीच, लेकीकडं निघालेली, वाटेत वाघाला चकवणारी. केंदूरला चुलीपुढं भाकरी थापता थापता तू ती सांगायचीस आणि वाघ आला की परातीवर जोरात थाप मारायचीस. तेव्हा मला सगळी काळजी त्या म्हातारीची असायची. काल पहिल्यांदा लेकीकडं लक्ष गेलं. रांधते ती, आईला जाडजूड करते ती, भोपळा कोरून आईला त्यात बसवते तीच. मग भोपळा निघतो आणि गोष्टही त्याच्याबरोबर निघून जाते. लेकीच्या दारात पुन्हा कुणी फिरकत नाही.

आणि तू तर माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाहीस. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, ही तुमची रीत. दौंडला रेल्वेच्या चाळीत मला देऊन दोन वर्षं झाली होती आणि सासूबाई दिवाळीलाही माहेरी धाडत नव्हत्या. नळापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच माझं जग. शेवटी तू येतेस असा निरोप आला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

भर उन्हात शिरूरला एसटी बदलून येतेस, पदरात शेंगा बांधून, आणि उंबऱ्याच्या बाहेरच टेकतेस. ओठ सुकलेत. सासूबाई आत बाजेवर, कान इकडंच. मी तांब्या पुढं करते.

"नगं. स्टँडावर पिऊन आलेय."

"आत तरी ये."

"आत आले की विहीणबाई चहा टाकतील, मग न्हाई कसं म्हणू? नातवंड हू दे, मग चांगली चार दिस ऱ्हाते." आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात विचारतेस, "बरी हाईस न्हवं?"

काय सांगणार होते मी? "हाय की," म्हणाले. तू शेंगा माझ्या ओटीत ओतल्यास आणि एसटी चुकेल म्हणून उठलीस. मला तुझा राग आला, आये. अजून येतो. नातवंड झालं, पण तोवर तू गेली होतीस. बाहेरून कडी कुणी लावली नव्हती, तरी मी त्या खोलीत अडकले ती अडकलेच. सासूबाई गेल्यावरही नळाच्या पुढं जायचं म्हटलं की पाय अडखळायचे.

काल नात म्हणाली, "आजी, ती मुलगी का नाही बसली भोपळ्यात?"

"भोपळा एकच होता."

"मग मोठा आणायचा ना," म्हणाली आणि झोपलीसुद्धा.

हे कागद घडी घालून पेटीत ठेवीन, तुझ्या लुगड्याखाली. पण एक तुला कधीच कळलं नाही. त्या दिवशी दारामागं मी बोचकं बांधून ठेवलं होतं, दोन पातळं आणि फणी. तू उंबरा ओलांडला असतास तर तुझ्या पायालाच लागलं असतं.