कात्रीनं कापलेलं कापड

अण्णा, रविवारी मला कविता वाचायला बोलावलंय. तुमची लेक कविता करते हे तुम्ही असताना तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून आधी तेच सांगते. एकच ओळ तोंडात घोळवत मी घरभर येरझाऱ्या घालते. शेजारीण खिडकीतून बघते, बघू दे. ओळ कुठं टोचते ते मला जिभेवरच कळतं आणि ते टोचणं काढेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. हे काम मला जमतं. जमत नाही ते सभागृह. मागच्या वेळी माइक किंचाळला, त्यातच टाळ्या पडल्या, आणि मी कानांवर हात ठेवून अर्ध्या कवितेतून खाली उतरले. लोक म्हणाले, बाई फार शिष्ट आहे. डॉक्टरीणबाईंनी आता याला ऑटिझम असं नाव दिलंय. ते ऐकून घरी आले आणि पोटभर रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून की घाबरून, ते अजून कळलेलं नाही.

शाळेला सुट्टी लागली की आई चितेगावच्या कंपनीत कामाला आणि मी तुमच्याबरोबर गुलमंडीच्या बाजारात, तुम्ही नोकरीला होतात त्या कापडाच्या दुकानात. ताग्यांच्या मागं, भिंतीला लागून माझी जागा. सुती ताग्यांमध्ये शिरून बसलं की रस्त्यावरचे हॉर्न लांब जायचे. तिथंच मी शब्द मनाशी म्हणून बघायला लागले. एक आवाज मात्र तिथंही पोचायचा. तुम्ही कापडाला कात्रीनं जरासा काप द्यायचात आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचात. सगळेच तसं करतात, फाडलेलं कापड धाग्यात सरळ जातं. मला तो आवाज दातांत जायचा. एका दुपारी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना मी किंचाळले. पोरीला घरी ठेवत जा, असं शेठ तुम्हाला सगळ्यांदेखत म्हणाले. संध्याकाळी बसस्टँडकडं चालताना तुम्ही माझ्याकडं न बघता बोललात.

"वरडायचं नाय. सांगायचं. सांगितलं की माणूस हात थांबवतो."

मग मी तिथंच, रस्त्यात, त्या आवाजाचं सांगितलं. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पूर्ण कापड कात्रीनं कापायला लागलात. वेळ लागायचा, कड वाकडी जायची, एक बाई तर अस्तर परत घेऊन आली. फाडायला काय झालं, असं शेठनी विचारलं तेव्हा तुम्ही मनगट चोळत म्हणालात, "हात दुखतोय, शेठ." शेठ तसा माणूस चांगला. त्यांनी बामची डबी काढली आणि तुम्हाला समोर बसवून लावायला लावली. मला बामचा वास सोसत नाही, म्हणून माझ्याजवळ येण्याआधी तुम्ही नळावर जाऊन हात धुवायचात. सगळी सुट्टी हाच कार्यक्रम. तुमचा हात दुखतो असं मला खरंच वाटायचं. मग शाळा सुरू झाली, आणि दसऱ्याच्या खरेदीला मी आईबरोबर गुलमंडीवर आले. रस्त्यापलीकडून दिसलात, मजेत कापड फाडत होतात. तुमची नजर माझ्यावर गेली आणि हात अर्ध्यावर थांबले. गिऱ्हाईक बघतंय, शेठ बघतायत, आणि तुम्ही उरलेलं कापड कात्रीनं कापलंत.

परवा आयोजकांचा मेसेज आला की काही लागलं तर कळवा. मला लागतं ते थोडंच आहे. बसून वाचू द्या, माइक नको, टाळ्यांऐवजी हात हलवा. पण हे लिहायला घेतलं की फोन पालथा ठेवून देते. असली नाटकं कोण सांभाळणार म्हणून ते पुन्हा बोलावणार नाहीत. किंवा त्याहून वाईट, कवितेच्या आधी माझा आजार वाचून दाखवतील आणि मग माझी ओळ कुणी ऐकणारच नाही. मला सांगायला शिकवलंत, पण शेठना तुम्ही एकदाही खरं सांगितलं नाहीत. हे या आठवड्यात पहिल्यांदा डोक्यात आलं आणि तुमचा राग आला. मग वाटलं, पोरीवर शिक्का बसेल ही भीती तुम्हालाही असेल. तुम्ही ती बामखाली दडवलीत.

आज दुपारी मी खरं कितीतरी वेळा लिहिलं आणि खोडलं. शेवटी कान दुखतोय, टाळ्या आणि माइक टाळता आले तर बरं, एवढंच पाठवलं. लगेच आयोजकांचा फोन. "मॅडम, काय काळजी करू नका. टाळ्या वाजवायच्या नाय म्हणून मी सगळ्यांला सांगतो. तुम्ही कानात कोमट तेल सोडा." बोलण्यात इतकी माया होती की मला मान वर करवेना.

तर अण्णा, रविवारी हात थांबतील, पण मी सांगितलेलं नाही. हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून निदान यात तरी कबूल करते: दोन्ही कानांत आत्तापासूनच कापूस घालून बसलेय. रविवारी खोटं वाटायला नको.