ओहोटीच्या वेळचे ठिपके

अण्णा,

तुम्ही गेलात तेव्हा वटारच्या घरात एकच फोन होता, ओटीवरच्या स्टुलावर ठेवलेला, आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर तुम्ही आईने विणलेला रुमाल घालायचात. आता आईकडे स्वतःचा फोन आहे. कापडी बटव्यात घालून ती तो कमरेला खोचते. हा फोन नुसता बोलायला नसतो. तो ज्याच्याजवळ असतो तो माणूस कुठे गेला, किती वेळ थांबला, चालत गेला की गाडीने, हे सगळं गुपचूप टिपून ठेवतो. नंतर ते नकाशावर उघडून बघता येतं. तुम्हाला हे खरं वाटणार नाही. तुम्ही म्हणाल, कुणाला काय पडलंय आमच्या येण्याजाण्याचं? पण त्या टिपणापायी गेला महिना माझी झोप उडाली होती आणि त्याच टिपणाने ती परत आणली, म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे.

दिवाळीनंतर सुरू झालं सगळं. आईने एकदा भाताचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि ती घरामागच्या चाफ्याच्या वाडीत निघून गेली. पातेलं काळं ठिक्कर. आठ दिवसांत परत तसंच. मावशीच्या नातवाचं नाव तिला आठवेना, आणि ते आठवत नाही हे कळल्यावर तिचा चेहरा जो उतरला तो मी विसरू शकत नाही. दादाने लगेच मनावर घेतलं. तुम्हाला ठाऊक आहे त्याचा स्वभाव, काळजी वाटली की हा आवाज चढवतो. तो आता विरारला फुलपाड्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्याचं म्हणणं एकच, वटारचं घर बंद करायचं आणि आईला तिकडे न्यायचं. मी त्याला थांबवत होते. खरं तर थांबवत होते असंही नाही, नुसती हूं हूं करत होते.

मग दुपारचे फोन लागेनासे झाले. दादा ऑफिसातून करायचा, आई उचलायची नाही. एकदा त्याने शेजारच्या वहिनींना बघायला पाठवलं तर घराला कुलूप. संध्याकाळी मी ऑफिसातून परस्पर वटारला गेले आणि विचारलं, "आई, दुपारी कुठे होतीस गो?"

"कुठं जाते? वाडीतच होते. चाफ्याला पानी लावत होते."

"वहिनी येऊन गेल्या वाडीत."

"तिला दिसले नसेन," असं म्हणून तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

आई खोटं बोलतेय हे मला कळत होतं आणि त्याहून वाईट शंका ही की ती खोटं बोलत नसेल, तिला खरंच आठवत नसेल. दादा म्हणाला, "बघ, ती भटकते आणि नंतर विसरते. उद्या कुठे सापडणार नाही तेव्हा काय करशील?" त्याने डॉक्टरची वेळ घेतली, आणि घराला लावायला नवीन कुलूपही आणून ठेवलं.

माझं काम तुम्हाला कधी सांगितलंच नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. मी दूध पोचवणाऱ्या गाड्यांच्या ऑफिसात बसते. कुठली गाडी कुठे थांबली, कुठे अडकली, हे दिवसभर नकाशावर बघते आणि त्याचा हिशोब लावते. दुसऱ्यांच्या गाड्या इतकी वर्षं बघितल्या, पण आपल्या आईला असं बघायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. एका रविवारी तिनेच फोन माझ्या हातात दिला, "भरलाय म्हणतो, फोटो येत नय, बघ जरा." तिला न विचारता मी त्यातली ती येण्याजाण्याची सगळी नोंद काढून स्वतःला पाठवली. आई तेव्हा स्वयंपाकघरात वालाचं बिरडं सोलत होती आणि मला हाका मारून ऑफिसातली कोण ती मुलगी लग्न करतेय का नाही ते विचारत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ती फाईल इंटरनेटवरच्या एका नकाशात टाकली. टाकली की आपोआप ठिपके उमटतात. आपल्या घरावर ठिपक्यांचा ढीग होता, वाडीत, देवळाजवळ, बाजारात, मावशीकडे. हे सगळं ओळखीचं. आणि मग पश्चिमेला एक धागा निघालेला, कळंबकडे जाणारा, आणि तो सुरूच्या बनाशी थांबत नव्हता. पुढे समुद्रात गेला होता. अण्णा, निळ्या रंगावर आईचे ठिपके होते. एकदा नव्हे, अनेक दुपारी. पाण्यात तिकडून इकडे, इकडून तिकडे. मी डबा तसाच बंद केला. माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही ओळखाल. भाताचं पातेलं करपलं त्या दिवशी आई म्हणाली होती, "तुमच्यावर भार होऊन रहायचं नय मना."

गाड्यांचं बघताना आम्ही आधी एक करतो, ठिपका खोटा तर नाही ना ते तपासतो. फोन कधीकधी चुकतो, माणूस रस्त्यावर असतं आणि ठिपका तलावात पडतो. पण इतक्या दुपारी एकाच जागी चुकणार नाही. मग मी साधा नकाशा काढून आकाशातून घेतलेला फोटो खाली लावला, आणि निळ्याच्या जागी वाळू दिसायला लागली, ओली, करडी, लांबच लांब. तो फोटो ओहोटीच्या वेळचा होता. नकाशा काढणाऱ्याने भरतीची रेघ धरलेली, म्हणून माझी आई पाण्यात दिसत होती. ती वाळूवर होती. पण वाळूवर तरी काय करत होती? रेघा सरळ जात होत्या, दूरवर, मग वळून परत. चालण्यापेक्षा वेग जास्त. नकाशाने आपल्या बुद्धीने तिथे सायकलचं चित्र टाकलं होतं. आई आणि सायकल! मी ते सोडून दिलं.

वेळा बघायला लागले तर त्यांचाही काही मेळ बसेना. सोमवार नाही की गुरुवार नाही. काही दिवस भर दुपारी, मग रोज जरा जरा उशिरा, होता होता ऐन संध्याकाळी, मग आठवडाभर काहीच नाही, आणि पुन्हा भर दुपारपासून सुरुवात. डोकं हरवलेलं माणूस असंच वागेल असं वाटलं मला. मी दिवसांना रंग लावून बघितले, उलटसुलट मांडले. आणि मग अचानक तुमचा आवाज आला हो अण्णा. आम्ही रविवारी कळंबला जायचा हट्ट धरायचो आणि तुम्ही दाढी करता करता आतल्या खोलीत हाक द्यायचात, "अगो, आज तिथी काय?" आई चुलीपुढूनच सांगायची, कॅलेंडर न बघता. तिथी कळली की तुम्ही ठरवायचात, आता जाऊन उपयोग नाही, पाणी वर असेल, ऊन उतरल्यावर निघू.

ऑफिसच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. मी खुर्चीवरून उठून तिथे गेले. अष्टमीच्या आसपास भर दुपारी, पुढे रोज थोडं उशिरा, पुनवेला संध्याकाळी. मग खंड. मग पुढची अष्टमी. एकही दुपार चुकली नव्हती. पाणी पार मागे गेलेलं असतं नेमकी तेव्हाच आई तिथे जात होती. मी कॅलेंडरचं पान हातात धरून तिथेच उभी राहिले. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही गं. माझ्या आईला सगळं आठवतंय." आणि मला तिथेच रडू फुटलं. जिला विसरायला झालंय तिला ओहोटी अशी धरता येत नाही. आणि जिला पाण्यात जायचंय ती पाणी दूर गेल्यावर कशाला जाईल?

तिथीवरून ओहोटीची वेळ काढून मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि रिक्षाने कळंबला गेले. दादाला सांगितलं नाही. सुरूच्या बनात चप्पल काढून हातात घेतली. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. होड्या वर ओढलेल्या, जाळी वाळत घातलेली. लांब पाण्याच्या कडेला कुणीतरी स्कूटरवरून येत होतं, आणि मागे एक बाई पदर खोचून धावत होती, ओरडत होती, "पुढं बघ, चाकाकडे बघू नको! पुढं बघ!" धावणारी बाई मी ओळखली, चर्चच्या गल्लीत राहणारी निवृत्त नर्स, आईची बाजारातली मैत्रीण. स्कूटर तिचीच, ती बॅटरीवाली, आवाज न करणारी. आणि वर माझी आई. नऊवारी सोडून तिने कधी काही नेसलं नव्हतं. त्या दिवशी तिने कुणाचा तरी पंजाबी ड्रेस घातला होता, डोक्याला हेल्मेट, पाठ ताठ. मला बघून तिचे दोन्ही हात ब्रेकवर एकदम आले आणि ती तिथल्या तिथे वाळूत आडवी झाली.

मी धावले. आई हसत होती. एवढी हसत होती की तिला उठता येईना. "लागलं का?" मी विचारलं. "वालूत काय लागतं? म्हनून तर इथं शिकते," ती म्हणाली. आणि मग तिला एकदम लक्षात आलं. "तुना कसं कललं मी इथं हाय ते?"

मी सांगितलं. फोन, फाईल, नकाशा, सगळं. तिचं हसू गेलं. मैत्रीण स्कूटर उभी करायच्या निमित्ताने लांब सरकली. आई म्हणाली, "मना विचारायचं होतं."

"तू खरं सांगितलं नसतंस."

"नसतं सांगितलं. तरी विचारायचं होतं." तुम्ही कधी आम्हाला मारलं नाहीत, तिनेही नाही, पण हे वाक्य मला चांगलंच लागलं. मग ती स्वतःच वाळू झटकत बोलायला लागली. बस पहिल्यासारखी येत नाही. रिक्षावाला दोन टोपल्यांना जागा नाही म्हणतो. गुडघे चालू देत नाहीत, पण बसायला काय, बसता येतं. देवळात जायचं, बहिणीकडे जायचं, चाफा बाजारात न्यायचा, तर दर वेळी कुणाची तरी वाट बघायची. "दादाला सांगितलं असतं तर त्याने कुलूपच लावलं असतं," ती म्हणाली. ते नवीन कुलूप तिने बघितलं होतं तर.

तिथे उभी असताना मला आपलं अंगण दिसत होतं. मी नऊएक वर्षांची आहे, तुमची निळी स्कूटर अंगणात उभी आहे, आणि आई तुमच्या परवानगीने तिच्यावर बसली आहे. तुम्ही मागून धरलंय. मग तुम्ही हात सोडता, ती विहिरीच्या कठड्यापर्यंत जाते आणि केळीत घुसते. तुम्ही धावत जाता, तिला उठवता, कोपर पुसता, आणि मग ओरडता, "पुरे झालं! तुला काही झालं तर पोरांना कोण बघेल?" तुमचा चेहरा पांढराफटक पडलेला. त्यानंतर आई कायम तुमच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर फुलांची टोपली घेऊन, आणि तो विषय आपल्या घरात कधी निघाला नाही.

डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो. त्यांनी रक्त तपासलं, बरंच काय काय विचारलं, चित्रं काढायला लावली. आईला एक जीवनसत्त्व फारच कमी होतं, त्याची इंजेक्शनं दिली, आणि वयाच्या मानाने डोकं उत्तम आहे म्हणाले. दादा बाहेर येऊन बाकड्यावर बसला आणि रुमालाने तोंड पुसत राहिला. तेव्हा मी त्याला स्कूटरचं सांगितलं. तो आधी भडकला, "हिला वेड लागलंय आणि तुलाही!" मग मी त्याला नकाशा दाखवला, आईला विचारून. पहिल्या दिवसांच्या रेघा वेड्यावाकड्या आहेत, मध्येच थांबलेल्या, आणि शेवटच्या आठवड्यातल्या किनाऱ्याला धरून सरळ गेलेल्या. दादा बराच वेळ बोटाने त्या मोठ्या करून बघत होता. "ही वळते पण नीट," एवढंच म्हणाला. परवा हेल्मेट घेऊन आला, तिच्या मापाचं, नवं. आता आई कच्चं लायसन काढणार आहे. घर उघडंच आहे.

फोनमधली ती नोंद बंद करू का, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली राहू दे, पण बघायची असेल तर आधी फोन करून सांग.

हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण वेगळंच आहे. त्या दिवशी कळंबहून परतताना, सुरूच्या सावलीत पायाची वाळू झटकत, आईने मला विचारलं, "ह्यांना आवडलं असतं काय गो?" विचारून तिने मान दुसरीकडे फिरवली. मी म्हटलं, "अण्णा एकदा मला म्हणाले होते की तुझ्या आईला स्कूटर शिकवायची राहून गेली. त्यांना फार वाटायचं." घर येईपर्यंत आईने माझा हात धरून ठेवला.

तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात, अण्णा. हे पत्र कुठे जायचं नाही, माझ्याच कपाटात राहील. पण तुम्हाला तरी माहीत असावं की तुमच्या नावावर मी काय सांगून बसले आहे, आणि मी ते परत घेणार नाही.