आमच्या वाटणीचा मेंढा

६ जानेवारी १९५७
आजपासून रोज लिहायचे. सुमतीला जाऊन महिना झाला. मन ताळ्यावर आहे.
दहाव्याचा विषय डोक्यातून कायमचा काढायचा आहे, म्हणून एकदाच लिहितो. बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवेना. मी हात जोडून म्हटले, पुन्हा लग्न करणार नाही. कावळा कठड्यावर बसून राहिला. दागिने तुझ्या बहिणीला, नलूला देईन, म्हटले. तरी नाही. तपकीर सोडतो म्हटले. त्याने पाठ फिरवली. मग नलूचे यजमान, माझे साडू मनमोहनराव पुढे झाले आणि म्हणाले, ताई, मेंढ्यांचं मी बघतो. कावळा लगेच उतरला.
नवरा मी.

२० जानेवारी
रोज लिहिणे जमले नाही. ऑफिसचे काम.
मेंढ्या म्हणजे सासऱ्यांनी माण तालुक्यातल्या माळावर ठेवलेला कळप. निम्म्या नलूच्या, निम्म्या सुमतीच्या. नेल्लोरी जात. अंगावर लोकर नाही, शेळीसारखे आखूड केस. उन्हात धापा टाकत नाहीत, बाभळीच्या शेंगांवर निभावतात. सासरे म्हणत, आपल्या कोरड्या मुलखाला हीच जात तारेल. सुमती आजारपणातसुद्धा त्यांची चौकशी करायची. मला वाटायचे, ताप चढला.
मनमोहनरावांचे हिंदमाताला साड्यांचे दुकान. साड्या विकणाऱ्याला मेंढीतले काय कळते? महिन्यातून दोनदा माणला जातात, एवढेच.
ठराव : वर्षश्राद्धाच्या आत सुमतीचा कळप मी वाढवणार. मत्सराचा प्रश्न नाही.

३ फेब्रुवारी
मनमोहनरावांच्या दुकानात गेलो. आमच्या मेंढ्या वेगळ्या काढा आणि मध्ये कुंपण घाला, असे स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, बरं. भांडले असते तर बरे वाटले असते.
नलू म्हणाली, भाऊजी, कुंपण ठीक आहे, पण मेंढा? मी म्हटले, माझा मी आणीन. यांचा काय वाईट आहे, म्हणाली. त्यांचा मेंढा मी फोटोत पाहिला आहे. काळे तोंड, नजर उर्मट. फोटो दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावला आहे.

२१ एप्रिल
मेंढा घेतला. परळच्या दगडू मटणवाल्याकडे मिळाला. उंच, पांढरा, नावाला लोकर नाही. दगडू म्हणाला, एकदम गरीब जनावर, साहेब, कधी कुणाच्या वाटेला गेला नाही. मला नेमका असाच हवा होता. मागून पण बघून घ्या, असेही म्हणाला. जनावर झाले तरी मागून निरखणे मला प्रशस्त वाटले नाही. खानदान तोंडावरून कळते.
जेवण कधी आहे, असे त्याने विचारले. त्याला काय सांगायचे?

५ मे
गच्चीवर उन्हाची टेस्ट घेतली. मेंढा पत्र्याजवळ उभा, मी छत्री घेऊन शेजारी. मेंढा शांत. मला चक्कर आली. निकाल उत्तम.
खालच्या मजल्यावरच्या रमाबाई वर आल्या. म्हणाल्या, कमलाकांत, माझे सांडगे तुम्हा दोघांतल्या कुणी खाल्ले ते सांगा, म्हणजे मला बोलायला बरं. मी मेंढ्याकडे बोट दाखवले. म्हणाल्या, त्याच्या तोंडावर तरी लाज दिसते.
कोरड्या चाऱ्यावर राहतो, हे सिद्ध झाले.

१९ मे
शेजारचा बंडू संयुक्त महाराष्ट्र समितीचे काम करतो. त्याने न विचारता मेंढ्याच्या अंगावर गेरूने ‘झालाच पाहिजे’ लिहिले आणि लालबागच्या मोर्चात नेला. लोकर नसल्यामुळे अक्षरे सुरेख उमटली. एवढ्या घोषणांत मेंढा ढिम्म. बंडू म्हणतो, असा कार्यकर्ता मिळायचा नाही. मनमोहनरावांच्या मेंढ्याने चार माणसे आडवी केली असती.

९ जून
मेंढा ट्रकने रवाना. कचेरीत बसवेना. घरी येऊन गच्चीवर जाऊन आलो.

१६ जून
मनमोहनराव माणहून परत आले. मेंढा पोचला, तब्येत छान आहे, एवढेच बोलले आणि गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवू लागले. जळणारा माणूस असाच गप्प होतो.

१४ जुलै
नलूला विचारले, आमचा मेंढा मेंढ्यांत कसा आहे? म्हणाली, खूप मिळून मिसळून आहे हो. मग चहा टाकायला उठली. बाईमाणूस, संकोच व्हायचाच.

१ डिसेंबर
सुमतीच्या सगळ्या मेंढ्या व्यायल्या. दोघींना जुळी. मनमोहनरावांनी स्वतः येऊन सांगितले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. ऑफिसात पेढे वाटले. साहेबांनी विचारले, कसले? मी म्हटले, घरचीच बातमी. साहेब गोंधळले.

१५ डिसेंबर, माण
वर्षश्राद्ध उरकून प्रथमच इथे आलो. पिल्ले पाहिली. सगळीच्या सगळी काळ्या तोंडाची. नजर उर्मट.
मी म्हटले, आजोळावर गेली असतील.
मग मनमोहनराव खाली बघत म्हणाले, कमलाकांतराव, तुमचा मेंढा खच्ची केलेला आहे. ट्रकमधून उतरवतानाच दिसलं. मी विचारले, मग तेव्हाच का नाही सांगितलं? म्हणाले, तुम्ही एवढ्या हौसेनं पाठवलेला.
त्यांच्या मेंढ्याने कुंपण मोडले असणार, म्हणून पाहायला गेलो. खांब मोडलेले नव्हते. उपटून एका बाजूला नीट रचून ठेवले होते.
मनमोहनराव मागून आले. म्हणाले, तुमचा मेंढा कामाचा आहे हं, सगळा कळप त्याच्या मागे चालतो, पिल्लं त्याला टेकून झोपतात. समजूत घालत होते. घालू दिली.
जेवताना नलू म्हणाली, ताई असती तर पोट धरधरून हसली असती. मनमोहनराव म्हणाले, अगदी.
अगदी चूक. सुमतीला हसू आले की ती तोंडाला पदर लावून आतल्या खोलीत जायची, आणि मग तिथून बांगड्या वाजायच्या.
हे मनमोहनरावांना माहीत नाही.