व्होल्टची चिप आणि डाव्या पायाचा मोजा

इंदिरानगर, नाशिक
११ सप्टेंबर २००७

आदरणीय साडूभाऊ श्री. झुंबरराव निकम यांस,
मु. देवळा.

सहादू पिंगळे याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या आठांपैकी सहाच अंगे टेकतात. ती सहाही आपल्यालाच.) आपली तब्येत ठणठणीत असेलच. भागाबाईंची कंबर कशी आहे? चाळीतला कांदा या पावसात टिकला का? इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. फोन न करता पत्र का, असं आपल्या मनात येईल. कारण सरळ आहे. फोनवर तुम्ही हसाल आणि ते मला ऐकू येईल. पत्र वाचून हसलात तरी देवळ्याचं हसू इंदिरानगरपर्यंत पोचत नाही.

विषय आमच्या कुत्र्याचा, व्होल्टचा आहे, आणि त्यात माझी कॉलनीतली अब्रू अडकली आहे. तेव्हा पत्र बसून वाचावं.

आपल्याला माहीतच आहे की गेल्या जानेवारीत मी व्होल्टला ओळखीची चिप बसवून घेतली. नाशकात पहिली असं मी म्हणत नाही, पण आमच्या गल्लीत पहिली हे कुणीही नाकारू शकत नाही. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात हेल्पर म्हणून लागलो तेव्हा मला फ्यूज आणि फुंकणी यांतला फरक कळत नव्हता. पुढे रद्दीच्या दुकानातली पुस्तकं वाचून वाचून कंट्रोल रूमच्या मीटरांपर्यंत पोचलो. असा माणूस कुत्र्याच्या अंगात एखादी वस्तू नीट चौकशी न करता घालील काय? जनावरांच्या डॉक्टर हर्षालीबाईंना मी इतकं विचारलं की शेवटी त्यांनी मला खुर्ची दिली. चिप इंद्रायणी तांदळाच्या दाण्याएवढी असते. मानेमागे, खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली जाड सुईने सोडतात. भूल लागत नाही. (व्होल्टने हूं की चूं केलं नाही. जो आवाज बाहेर बाकावरच्या लोकांनी ऐकला तो माझा होता.) तिच्यात सेल नसतो, त्यामुळे संपण्याचा प्रश्न नाही. वाचायचं यंत्र जवळ धरलं की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा झोपते. बाई हे समजावू लागल्या तेव्हा मी मध्येच म्हणालो, "म्हणजे ट्रान्सफॉर्मरचंच तत्त्व!" बाईंनी मान डोलावली. ती मान मी अजून विसरलेलो नाही.

मग कॉलनीने मला जे छळलं ते विचारू नका. वीज पडेल का? टीव्हीचा रिमोट दाबला तर कुत्रं उड्या मारील का? दाणा सरकत सरकत शेपटीत गेला तर? (थोडाफार सरकू शकतो, म्हणून यंत्र सगळ्या अंगावरून फिरवतात. शेपटीत जात नाही.) सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे घरबसल्या कुत्रं कुठे आहे ते दिसतं. दिसत नाही! चिप ठावठिकाणा सांगत नाही, फक्त ओळख सांगते. हे मी इतक्या वेळा सांगितलं की समोरच्या बंगल्यातले चिमाजी देवरे (विमा एजंट, म्हणजे दुसऱ्याला घाबरवणं हाच धंदा) मला बघितलं की लांबूनच ओरडतात, "ओळख, ओळख! कळलं, पिंगळे!" आमच्या सौ. लंकाने तर एवढंच विचारलं की पट्ट्यावर नाव आणि फोन लिहिला असता तर काय बिघडलं असतं. मी म्हणालो, पट्टा कुणीही कुणाच्याही गळ्यात बांधू शकतो. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावं. मला ठेवावं लागलं.

आता मूळ गोष्ट. मे महिन्यात आम्ही रामेश्वरला गेलो तेव्हा व्होल्टला तुमच्या कांद्याच्या चाळीवर ठेवलं. तुमचा ढोल्या आणि आमचा व्होल्ट एकाच आईची एकाच वेतातली पिल्लं, रंग तोच, उंची तीच. फरक एवढाच की एकाचा पुढचा डावा पाय पांढरा, जणू मोजा घातलाय, आणि दुसऱ्याचा उजवा. आमच्या व्होल्टचा मोजा डावा, हे मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो. परत न्यायला आलो तेव्हा गोचिडांमुळे तुम्ही दोघांचे पट्टे काढले होते. आपण म्हणालातही, "साडूभाऊ, नीट देखी ल्या, दोन्ही सारखाच शेतस." त्यावर मी काय म्हणालो हे आपल्याला आठवत असेल. आठवत नसेल तर उत्तम. मी जीपमागे उभा राहिलो, एक कुत्रं टुणकन आत चढलं, मी मागून डावा मोजा पाहिला, आणि व्होल्टचा पट्टा माझ्या स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात बांधला.

घरी आल्यावर त्याच्यात थोडा बदल वाटला, नाही असं नाही. "व्होल्ट, इकडे ये" म्हटलं की तो भिंतीकडे बघायचा. एक दिवस सहज म्हणून "आठे ये" म्हणालो, तर धावत येऊन मांडीवर चढला. मला काय अभिमान वाटला! दोन आठवड्यांत अहिराणी शिकलेलं कुत्रं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. (मराठी विसरला, पण नवीन भाषेच्या भरात तसं होतं.) रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की कामावर निघाल्यासारखा उठून त्याच्यामागे जायचा. पंजा द्यायचा बंद झाला. लंका म्हणाली, "अहो, हा आपला नाही." मी म्हणालो, हवापालट. तिकडून आपणच फोनवर सांगितलंत की ढोल्या हल्ली पाहुण्यांना पंजा देतो आणि दुधात कुस्करल्याशिवाय भाकरीला तोंड लावत नाही. तेव्हा मीच आपल्याला समजावलं की हा माझ्या व्होल्टच्या संगतीचा परिणाम. आपणही "असंच व्हई" म्हणालात. म्हणजे या प्रकरणात मी एकटा नाही, एवढंच नम्रपणे नोंदवतो.

मग परवाचा रविवार उजाडला. देवरे गावभर सांगत होते की पिंगळ्यांच्या कुत्र्याला तांदूळ टोचलाय. म्हणून मी देवळाच्या मंडपात जाहीर प्रयोगच ठेवला. माईक, सतरंजी, चहा. हर्षालीबाई यंत्र घेऊन आल्या. मी आधी अर्धा तास ट्रान्सफॉर्मर समजावला. मग बाईंनी यंत्र मानेवरून फिरवलं. शांतता. खांद्यांवरून, पाठीवरून, पोटावरून. शांतता. मी यंत्राचे सेल बदलायला लावले. बाईंनी पिशवीतल्या कोऱ्या चिपवर धरून दाखवलं, तर ते मजेत वाजलं. देवरे मागून म्हणाले, "पिंगळे, दाणा शिजला वाटतं!" मंडप हसून लोळला. मी माईक धरून सांगत होतो की माझ्या कुत्र्याचा डावा पाय पांढरा आहे, हा बघा, तेवढ्यात लंका पुढच्या रांगेतून म्हणाली, "डावा कुणाचा? कुत्र्याचा की तुमचा?"

साडूभाऊ, माझं सगळं आयुष्य पॅनलसमोर गेलं. पॅनलची डावी बाजू म्हणजे समोर उभ्या माणसाची डावी. व्होल्टला मी कायम समोरून, पंजा घेताना बघितलं होतं. त्याचा मोजा माझ्या डाव्या हाताला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उजव्या पायात. आणि जीपमध्ये चढणारं कुत्रं मी बघितलं मागून.

दुसरा कुणी असता तर मंडपातून पळून गेला असता. मी माईक सोडला नाही. म्हणालो, "मंडळी, मालक फसला, पट्टा फसला, साडूही फसला, पण चिप फसली नाही! हा व्होल्ट नाही हे तिने गप्प राहून सांगितलं. याहून मोठा पुरावा कोणता?" टाळ्या पडल्या. देवऱ्यांनीसुद्धा वाजवल्या, आणि वाजवता वाजवता म्हणाले, "मग खरा आणा की." मी तिथल्या तिथे जाहीर केलं की गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, येत्या रविवारी सकाळी, याच मंडपात खरा व्होल्ट येईल आणि यंत्र वाजेल.

बाकी सर्व क्षेम. भागाबाईंना नमस्कार. चुकलं असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. (चुकलेलं वर आलेलंच आहे.)

आपला,
सहादू

ता. क. तेव्हा शनिवारी संध्याकाळपर्यंत व्होल्टला घेऊन यावं. तुमच्याकडे आता एकच कुत्रं आहे, त्यामुळे निवडण्यात चूक व्हायची नाही. तरी समोरून बघून घ्यावं.

ता. क. २. आता ढोल्याचं. न्यायाने तो आपला, आपण न्यायला मोकळे. पण काल त्याला "चाल देवळाले" म्हणून पाहिलं, तर तो माझी चप्पल घेऊन पलंगाखाली गेला आणि जेवायलाही बाहेर आला नाही. मीही फारसा जेवलो नाही. तेव्हा त्याची राहायची सोय इकडेच असू द्यावी, ही विनंती. खरं तर पत्र यासाठीच होतं.

ता. क. ३. विनंती म्हटलं खरं, पण आज सकाळी त्याला चिप बसवून आणली. माझ्या नावावर. आपल्याला माहीतच आहे, चिप खोटं बोलत नाही.

दाजींना लंकाचा नमस्कार. वरचं सगळं मी वाचलं. व्होल्टला जरूर आणा, डोळे लागलेत. ढोल्याला इथेच राहू द्या, हे रोज सकाळी त्याच्याशी अहिराणी बोलतात, आणि माझ्याशी बोलतात त्यापेक्षा गोड. ताईला सांगा, आपण जिंकलो. कुत्री बदललीत हे आम्हा दोघींना जूनमध्येच कळलं होतं. तुम्हा दोघांत आधी कुणाला कळतं यावर फोनवर साडीची पैज लागली होती. ताई म्हणाली सहादूभाऊंना, मी म्हणाले दाजींना. दोघांनाही कळलं नाही, यंत्राला कळलं, म्हणजे हरलात तुम्ही दोघे. तेव्हा साड्या दोन आणा.