ओव्हनचा दिवा बंद करू नये

शनि., ६ सप्टें., कॅरी (नॉर्थ कॅरोलिना)
हरलो. एका पॉइंटने. आमच्या अमेयची, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा किकर तो, शेवटची किक खांबाला आपटून बाहेर. कोच त्याला म्हणाले, अशी अजून एक चुकली की दुसरा किकर उभा करीन. गाडीत पोरगा खिडकीकडे तोंड करून बसला.

त्यात मी हाफटाइमला भेळ वाटायला उठले. मागून आवाज, "हनी, सिट डाउन! बँड चालू असताना इथे कोणी उठत नाही." या लॉरेन, अमेयचा रूममेट जेलन आहे ना, त्याची आई. म्हणाल्या, अर्धे लोक बँडसाठीच येतात. मी डबा मांडीवर घेऊन खाली बसले. बँड मात्र काय वाजवतात! अजून छातीत घुमतंय.

शुक्र., १२ सप्टें.
मंडळात देशपांडेकाकू, "काळ्या मुलांच्या कॉलेजात कसा गं घातलास त्याला?" म्हटलं, काकू, बाकीची कॉलेजं या मुलांच्या पणजी-पणजोबांना दारात उभं करत नव्हती, तेव्हा काढलेलं कॉलेज आहे ते. आणि अमेयला त्यांनी बोलावून नेलंय, स्कॉलरशिप देऊन. काकू लगेच चकलीच्या भाजणीवर आल्या.

शनि., १३ सप्टें.
अमेय, जेलन रात्री इथेच होते. निघताना अमेयच्या हातावर दही-साखर ठेवली. जेलननेही हात पुढे केला. केवढा तो तळवा! चमचाभर दही त्यात कुठे गेलं कळेना. "व्हॉट्स इट फॉर, काकू?" काम फत्ते करून सुखरूप परत यावं म्हणून, म्हटलं.

जिंकलो!! अमेयच्या सगळ्या किक आत.

शनि., २७ सप्टें.
जेलनने बोभाटा केला. बसपाशी अख्खी टीम हात पसरून रांगेत, पातेलं घेऊन मी. शेवटी कोच. वाटलं, आता ओरडणार. "मॅम, शुगर जरा जास्त घाला." परत जिंकलो.

शनि., १८ ऑक्टो.
होमकमिंग. जुने विद्यार्थी कुठून कुठून आलेले, झोकदार हॅट घातलेल्या आज्या, मैदानाबाहेर शेगड्याच शेगड्या. समोरच्यांचा धुव्वा. हाफटाइमला अमेयचा बाबा, संजय, पाणी आणायला उठला, मी शर्टाला धरून खाली बसवलं.

लॉरेनताईंना विरजण हवं होतं, डबीत दिलं. ओव्हन पेटवायचा नाही, नुसता आतला दिवा लावून रात्रभर ठेवायचं, हे दोनदा सांगितलं.

शनि., २२ नोव्हें.
आज जिंकलं तरच फायनल. सकाळी ओव्हन उघडला तर पातेल्यात दूधच! संजयने झोपताना दिवा बंद केला. "फुकट वीज जात होती." मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. जवळच्या दुकानात व्हॅनिलाचं दही. ते का हातावर ठेवायचं? रिकामं पातेलं घेऊन गेले, अगदी रडवेली.

लॉरेनताईंनी डिकीतून भला मोठा टब काढला. दही. घट्ट, सुरीने कापावं असं. "माझ्या घरात त्या दिव्याला हात लावायची कोणाची हिंमत आहे?" त्यांनी दही वाढलं, मी साखर.

आणि शेवटी परत तेच. एका पॉइंटने मागे, अमेयची किक, अंतरही जवळपास तेच. मी डोळे मिटले. लॉरेनताई किंचाळल्या, त्यावरून कळलं. आत! आत! संजय ढसाढसा रडला. गेम संपली तरी कोणी घरी जाईना, दोन्ही बँड समोरासमोर वाजवत राहिले. आम्हीही हललो नाही. इतकी खूश मी कधी होते, आठवत नाही.

शुक्र., ५ डिसें.
उद्या फायनल. समोरची टीम यंदा एकदाही हरलेली नाही. कोच आज अमेयला म्हणाले, दुसऱ्या किकरचा विचार मी केव्हाच सोडला. स्वारी खूश, पण धड जेवली नाही.

देशपांडेकाकूंचा फोन. उद्याची तिकिटं मिळतील का? म्हटलं, मिळतील, फक्त हाफटाइमला उठायचं नाही.

एक पातेलं इथे, एक लॉरेनताईंकडे. त्यांनी ओव्हनचा फोटो पाठवला, दिवा लागलेला. इथे संजयने आपणहून बटणावर चिकटपट्टी लावली आहे. बाहेर कडाक्याची थंडी. आत्ताच झाकण उचलून पाहिलं, अजून दूधच आहे. लागेल सकाळपर्यंत.